रिकाम्या खोलीचा आकडा

३ फेब्रुवारी, सोमवार

पोचलो एकदाचे! सामानाचा टेम्पो आमच्या आधीच येऊन दारात उभा होता आणि ड्रायव्हर आमच्यावरच डाफरला, की सामान तुमचं नि वाट मी बघायची का. कपाटाचा आरसा तेवढा तडकला, बाकी सगळं शाबूत. बदलीची बातमी आली तेव्हा मी तोंड फुगवून बसले होते, ह्यांच्याशी धड बोललेही नव्हते. आता माझं मलाच हसू येतंय. दिराच्या घरी राहायचं म्हणजे पाहुण्यासारखं अंग चोरून राहावं लागणार असं वाटलं होतं, पण वरचा आख्खा मजला आमचा आहे. दोन खोल्या, ओट्यापुरतं स्वयंपाकघर, खिडकीत सकाळचं ऊन, आणि खाली उतरायला घरातूनच लाकडी जिना. जिना जरा उभाच आहे. भिंगरीला आल्या आल्या दम भरला.

भिंगरी म्हणजे आमचं कन्यारत्न. वय वर्षे सहा. शाळेच्या पटावर चांगलं भारदस्त नाव आहे, पण एका जागी क्षणभर ठरत नाही म्हणून भिंगरी ती भिंगरीच. ह्यांचे बूट सापडायच्या आत तिने घराचा ताबा घेतला.

धाकट्या जावेने आमच्या खिडक्यांना पडदे लावून ठेवले होते, गाद्यांना ऊन दाखवलं होतं, चहाचं आधण चढवून ती दारातच उभी होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिला मूल नाही, आणि त्यावर घरात कोणी बोलत नाही. भिंगरीला उचलून घेण्याआधी तिने माझ्याकडे बघून विचारलं, की ताई, घेऊ का. मला गलबलूनच आलं. घे की बाई, म्हटलं, त्यात विचारायचं काय. जाऊ असावी तर अशी!

८ फेब्रुवारी, शनिवार

मला नोकरी लागली! भावजी जेवताना सहज म्हणाले, की वहिनी, आमच्या प्रयोगशाळेत एक बाई हवी आहे, येता का. मी लगेच हो म्हणून मोकळी झाले आणि काम काय ते नंतर विचारलं.

काम असं. माणसाच्या अंगातून उजेड येतो. मी पण हसले होते, तेव्हा हसणाऱ्याने हसून घ्यावं. कुणा साधुसंताच्या नव्हे, प्रत्येकाच्या अंगातून, अगदी टेम्पोवाल्याच्या सुद्धा. डोळ्यांना दिसतो त्याच्या कितीतरी पट मंद. म्हणून तो मोजायला यंत्र लागतं, आणि यंत्राला असा काळोख लागतो की स्वतःचंच बोट डोळ्यात गेलं तरच कळावं. त्यासाठी एकापुढे एक तीन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत भावजी संगणकापुढे. मधली खोली माझी. सगळ्यात आत यंत्राची खोली, भिंतींना जाड काळं कापड, एक खुर्ची, आणि समोर तो कॅमेरा, बर्फाहून थंड करून ठेवलेला.

मोजून घ्यायला आलेल्या माणसाची अंगठी, घड्याळ, केसांतल्या पिना मी काढून ठेवायच्या. तोंड साध्या पाण्याने धुवायला लावायचं, काळा झगा द्यायचा. मग मधल्या खोलीत त्याच्यासोबत अंधारात बसायचं. बाहेरचं ऊन अंगात मुरलेलं असतं, ते कातडीतून परत बाहेर येत राहतं, ते आधी संपू द्यायचं. इथे त्याला ऊन झाडणं म्हणतात. झाडलं का ऊन, असं भावजी बाहेरून विचारतात, जणू गोधडीच झाडतेय मी.

पण सगळ्यात महत्त्वाचं काम रिकाम्या खोलीचं. मोठ्या बाई, म्हणजे इथल्या प्रमुख, आवाज इतका हळू की पुढे वाकून ऐकावं लागतं, त्यांनी हे पुन्हा पुन्हा बजावलं. समोर काही नसलं तरी यंत्र थोडंफार मोजतंच. म्हणून प्रत्येक माणसाच्या आधी खोली रिकामी मोजायची आणि तो आकडा माणसाच्या आकड्यातून वजा करायचा. उरेल तो माणूस. मी आत जाऊन चाचपून यायचं, दार लावायचं आणि मधल्या खोलीतली कळ दाबायची. भावजींच्या टेबलावर दिवा लागतो. त्याचा अर्थ आत कोणी नाही. यंत्र स्थिरावायला ते जरा वेळ देतात आणि मोजणी सुरू करतात. ती कळ माझ्याशिवाय कोणी दाबायची नाही. घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर म्हणतात, रिकामं मोजायचा पगार मिळतो होय! मिळतो तर.

भिंगरीला शाळेतून आणायचं काम धाकटीने आपणहून घेतलं. सोन्यासारखी आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज कळलं की दर गुरुवारी धाकटीचीही मोजणी असते. गेलं वर्षभर. मला कोणी बोललं नव्हतं. तिचा आकडा मोठा आणि पक्का आहे म्हणून यंत्र नीट चाललंय की नाही हे तिच्यावरून ताडून बघतात. मोठ्या बाई तिला आमचा दिवा म्हणतात.

मीच तिला झगा घातला, मीच तिच्या पिना काढल्या. मग बाहेर जाऊन पडदा बघितला. आधी नुसती राखाडी रेती भुरभुरत होती, मग तिच्यातून हळूहळू चेहरा जमला. गाल, ओठ, गळ्याची खोबण. डोळे मिटलेले. आकडा एकसष्ट. सगळे जण कामधाम सोडून बघत उभे. भावजींचा चेहरा तर असा, की हा उजेड त्यांनीच फुंकर मारून पेटवलाय. तिचा एक फोटो मोठा करून व्हरांड्यात लावलाय, खाली नाव नाही, नुसतं 'उत्तम नमुना'. मी म्हटलं, नमुना आहे खरी!

चांगलं झालं. मला आनंदच झाला. जावेचं कौतुक झालं तर वाईट कशाला वाटेल?

१५ फेब्रुवारी, शनिवार

भावजींच्या मागे लागून माझी मोजणी करून घेतली. बावीस.

बावीस! तोंड खसाखसा धुतलं होतं, भरपूर वेळ अंधारात बसले होते. पुन्हा घ्या म्हटलं. पुन्हा बावीस. भावजी म्हणाले, वहिनी, माणसागणिक कमीजास्त असतंच, त्याला काही अर्थ नसतो. अर्थ नसतो तर तिचा फोटो भिंतीवर का लावलाय?

रात्री जेवताना ह्यांनी विषय काढलाच. घरात एक दिवा असला की पुरे, म्हणाले, आणि दोघे भाऊ खो खो हसले. धाकटी तेवढी हसली नाही. तिने माझ्या ताटात आणखी वाढलं. कीव करते माझी! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तिची त्वचा, तिचे केस, तिचे पडदे, आता तिचा उजेडही. आणि बोलायची सोय नाही, कारण बोललं की मीच वाईट.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज लवकर घरी आले होते. भिंगरी अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती, मी पायरीवर, धाकटी आत. भिंगरी पाय अडकून पडली, गुडघा सोलवटला. मी तिच्यापासून हातभर अंतरावर. आणि तिने भोकाड पसरलं ते काकू म्हणून.

काकू!

मी समोर उभी होते. तिने माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या बाजूने वळसा घालून आत पळाली. जन्मल्यापासून हिला काही लागलं की आई. दात आला तेव्हा आई, कान दुखला तेव्हा आई. दिवसभर मी लोकांचं ऊन झाडत बसणार आणि ही बया माझ्या पोरीला तोडून घेणार. धाकटी तिला कडेवर घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, की ताई, ती घाबरली होती म्हणून आली हो. मी म्हटलं, हो ना. आत माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

मला दुसरं काही नको आहे. तिचे फोटो लावा, आरत्या ओवाळा. पण पोरगी माझी आहे. तिला लागलं की तिच्या तोंडून आईच आलं पाहिजे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

केलं. लिहितानाही हसू येतंय.

धाकटीच्या आधी रिकामी खोली मोजायची होती. मी कळ दाबली, आणि भावजी यंत्र स्थिरावायची वाट बघत होते तेवढ्यात आत शिरून दार लावून घेतलं. खुर्चीवर बसले, ताठ, तोंड कॅमेऱ्याकडे. माझे बावीसच्या बावीस त्या रिकाम्या आकड्यात! मोजणी संपल्याची घंटा झाली तशी मधल्या खोलीत येऊन उभी राहिले, जणू काही झालंच नाही.

मग धाकटी बसली. वजाबाकी झाली. एकोणचाळीस. भावजींचा चेहरा पडला. मोठ्या बाईंनी यंत्राच्या वायरी तपासल्या, पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. धाकटीला विचारलं, बरं आहे ना, झोप होते ना. ती बिचारी गोंधळून सगळ्यांकडे बघत होती. आता गावभर काळजी हिची! पण असू दे. एकोणचाळीस तर एकोणचाळीस. घरी येताना मी भिंगरीसाठी रंगीत खडू घेतले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

पुन्हा बसले. या वेळी जरा गार वाटलं. खोलीत नाही, आतून. रिकामा आकडा मागच्या वेळेइतका चढला नाही. धाकटी अठ्ठेचाळीसवर. म्हणजे माझ्याकडून यंत्राला तेराच मिळाले? आता बावीसही राहिले नाहीत का माझे? हात कपड्यांखालून बाहेर काढून बसायला हवं होतं.

चहाच्या वेळी शिपायाने सगळ्यांना कप दिले आणि ट्रे घेऊन निघून गेला. मी हाक मारली तर दचकला. म्हणाला, तुम्ही कधी आलात.

६ मार्च, गुरुवार

आज बाह्या वर करून बसले. चेहरा भिंगाच्या अगदी जवळ नेला. श्वाससुद्धा तिकडेच सोडला.

बाहेर आले तर भावजी खुशीत. रिकामी खोली परत जागेवर आली, म्हणाले, बिघाड आपोआप गेला. धाकटी पुन्हा एकसष्ट. टाळ्या काय, हसणं काय.

पण मी आत होते. पूर्ण वेळ आत होते. मग रिकामी कशी?

८ मार्च, शनिवार

भावजींना म्हटलं, माझी मोजणी करा. दोनदा म्हटलं तेव्हा ऐकू गेलं. बसले. नीट बसले. बाहेर येऊन पडदा बघितला. रेती. नुसती रेती. गाल नाही, ओठ नाही. वजाबाकी करून शून्य.

भावजी म्हणाले, वहिनी आत गेल्याच नाहीत वाटतं, आणि यंत्र बंद केलं. मी त्यांच्या खांद्याशी उभी होते. बसले होते हो भावजी, मी म्हणत होते. त्यांनी मान वळवली, पण जरा बाजूला, मी जिथे नव्हते तिथे.

आता लख्ख कळतंय. तीनदा मीच कळ दाबून सांगितलं की आत कोणी नाही, आणि तीनदा मीच आत जाऊन बसले. यंत्राने दर वेळी मला त्या 'कोणी नाही'मध्ये जमा केलं. आता मी जाईन तिथे मला वजा करून उरतं ते लोकांना दिसतं.

१० मार्च, सोमवार

मी वाचत असताना ह्यांनी दिवा मालवला. मी खोलीत असताना. अहो, म्हटलं. हे कूस बदलून झोपले.

सकाळी ताटं चार मांडली होती. ह्यांचं, भावजींचं, भिंगरीचं, धाकटीचं. पाचवं धाकटीनेच आणलं. सगळे तिच्याकडे बघत राहिले, हे कोणाला म्हणून.

१२ मार्च, बुधवार

भिंगरीच्या गालावरून हात फिरवला. तिने झोपेतच अंग आक्रसून पांघरूण ओढून घेतलं. वस्तूंना माझं वावडं नाही, नळ सुटतो, पेन उचलतं. माणसांनाच मी नकोशी.

तिच्या चित्राच्या वहीत घर काढलंय. बाबा, काका, काकू, ती. माझे खडू वापरलेत.

१३ मार्च, गुरुवार

धाकटीला मी दिसते!

तिला एकटीलाच. धूसर दिसता, म्हणाली, पण दिसता. तिने माझा हात धरला तेव्हा कितीतरी दिवसांनी ऊब लागली. मी बसले नव्हते आज. तिला विचारलं, तुलाच कशी दिसते. तिला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. तिच्या अंगात उजेड इतका, की त्यातला थोडा माझ्यावर पडतो. म्हणजे मी दिसायची ती सुद्धा हिच्या उजेडात! मेले असते तर बरं.

आणि तिला सगळं माहीत होतं. त्या तिन्ही गुरुवारी खुर्ची गरम लागली होती तिला. ती कोणाजवळ बोलली नाही. का नाही बोललीस, विचारलं, तर म्हणाली, तुमची नोकरी गेली असती ताई.

असा राग येतो मला तिच्या चांगुलपणाचा.

१८ मार्च, मंगळवार

तिचीच कल्पना. दोघींनी एका खुर्चीवर दाटीने बसायचं, हात घट्ट धरून, आणि माणूस म्हणून मोजून घ्यायचं. पुन्हा पुन्हा. म्हणजे यंत्र मला परत माणसांत लिहील. भावजींना तिने सांगितलं की आज उगाचच बसायची इच्छा आहे.

सत्तर आले.

एकसष्ट तिचे. नऊ माझे. नऊ! भावजी डोळे फाडून बघत होते. संध्याकाळी ह्यांनी माझ्याकडे बघून, सरळ माझ्याकडे, विचारलं की मीठ कुठे आहे. मी मोरीत जाऊन रडले.

आणखी थोड्या वेळा बसलो की झालं, म्हणते ती. फक्त हात सोडायचा नाही, ताई.

२० मार्च, गुरुवार

आज अठरा. बरं चाललं होतं. सगळं बरं चाललं होतं.

दुपारी घरी आलो. भिंगरी झोपली होती. धाकटी तिच्या उशाशी बसली, तिचं बोट भिंगरीच्या मुठीत. भिंगरी झोपेत कुशीवर वळली, आणि त्या बोटाला गाल लावून आई म्हणाली.

धाकटीने घाबरून माझ्याकडे बघितलं. म्हणाली, ताई, झोपेत आहे हो ती.

झोपेत आहे. झोपेत खोटं बोलतात का कोणी?

२१ मार्च

उद्या मोठी मोजणी. वर्षातून एकदा, बाकीच्यांना सुट्टी देऊन. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, नुसती रिकामी खोली. थोडा वेळ बसून माझं इतकं गेलं. दिवसभर बसलं तर—

माझ्या मनात काही नाही.

धाकटीला म्हटलं, उद्याही बसू या. दोघींनी. भावजींना आधी सांगू नकोस, आकडा बघून त्यांना आश्चर्य वाटू दे. तिने लगेच मान हलवली. तिला मोठ्या मोजणीचं माहीत नाही. खुश होती. म्हणाली, उद्या तुम्ही पूर्ण याल बघा.

२२ मार्च

बसलो दोघी, भावजी यायच्या आधीच. अंधार. तिचा हात ऊन-ऊन. बोलत होती, हळू. भिंगरीला पोहायला शिकवू या म्हणाली. आपण तिघी.

तिघी.

मी हात सोडला.

झगा सावरते म्हटलं, आणि बाहेर आले. दार लावलं. बाहेरून कडी. कळ दाबली. पलीकडे भावजींनी खुर्ची पुढे ओढली ते ऐकू आलं. आपलीच बायको आहे आत, आणि ते मोजताहेत, रिकामी.

तिने दार वाजवलं असेल. कापड जाड आहे. मी कान लावला होता. लावला होता, पण—

होतं माझ्या मनात. होतं.

२२, संध्याकाळ

दार उघडलं. भावजी म्हणाले, इतका स्वच्छ आकडा कधीच आला नव्हता. आत खुर्ची. खुर्चीवर काळा झगा, बसल्यासारखा चुरगळलेला. मी हाका मारल्या. तिला दिसत होते मी, मला ती दिसायला हवी. खुर्चीला हात लावला. गार.

माझे अठरा कुठे गेले? ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. काही नाही. तिच्या उजेडातच दिसत होते. ती नाही तर—

२३

दोघे भाऊ तिला शोधत फिरताहेत. पोलीस. मोठ्या बाई. तीच कुठे गेली, हाच प्रश्न. मी कुठे आहे हे कोणीच— एक ताट कमी आणि कोणाच्या लक्षात नाही.

भिंगरीपाशी शेजारीण बसवली होती. ती जरा घरी जाऊन येते म्हणाली. अजून नाही आली.

भिंगरी वरच्या खिडकीशी. काकू, काकू. कधीची. म्हण. आणखी म्हण. येणार नाही ती.

स्टुलावर चढली. रस्ता बघायला. पडली.

कोपर फुटलंय. रक्त. तोंड उघडलं, आवाजच नाही आधी, आणि मग— आई. आई म्हणाली! काकू नाही. मलाच. माझ्याच नावाने—

धावले. उचलली.

देवा, ती किंचाळली. तिला कोण उचलतंय ते दिसेना. हवेत, हातपाय झाडत. बाळा, मी आहे म्हटलं. ऐकू जात नाही. अलगद खाली ठेवलं तर सरपटत मागे. मी जवळ गेले की आणखी मागे. आई ये ना. आई, मला धरलं कुणीतरी. माझ्यापासून वाचवायला मलाच हाका—

मागे जिना आहे.

मी पुढे झाले की ती मागे. म्हणून बसले. टेबलापाशी. हलायचं नाही. श्वास हळू. समोर वही होती. हात थरथरतात, लिहिलं की थांबतात. शेजारीण येईल आता. येईलच. तोवर मी हलत नाही, भिंगरे, बघ, इथे काही नाही, काहीच नाही बाळा, कोणी नाही—

गप्प झाली. इकडे बघतेय. माझ्याकडे? दिसतेय का मी? टेबलाकडे बघतेय. वहीकडे.

पेनाकडे.

पेन एकटंच हलताना—

उठली. आई ये ना म्हणतेय. पाठ जिन्याकडे. एक पाऊल. नको. ठेवते, पेन ठेवते, भिंगरे थांब, हे बघ ठेव